भाऊबीज की वाघबीज?

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचकांचं हे पत्र आहे. वय ४९, बँकेत नोकरी, घरी पत्नी आणि दहावीतला मुलगा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा घेतला, पाठोपाठ लांबचं टिपणारी १५०-६०० मिमीची लेन्स आली, आणि तेव्हापासून प्रत्येक रजा फोटोंसाठी जाते. रजा मोजक्या, म्हणून नातेवाइकांकडे जाणं आणि जंगल-पाणथळी एकाच फेरीत बसवतात. बहीण नागपूरला, तिथून ताडोबा. मावशी बारामतीला, तिथून भिगवण. सासरवाडी देवरुखजवळ, तिथे धनेश पक्षी. आता कुरबुरी वाढल्या आहेत. पत्नी हल्ली गाडीतून उतरत नाही, मुलगा यायलाच तयार नसतो. नातेवाईक मुंजी-बारशांचे फोटो काढायला सांगतात आणि "मी निसर्ग छायाचित्रकार आहे" म्हटलं की तोंडं वाकडी करतात. शेजारच्या बागेत धनेशाची ढोली आहे, तिथे मित्रांसह बसायला सासऱ्यांनी मनाई केली. गेल्या भाऊबीजेला तर कळस झाला. सकाळ-दुपार दोन्ही सफाऱ्या करून (वाघ दिसला नाहीच) ते रात्री नऊला बहिणीकडे पोचले. तिने ओवाळलं आणि हसत विचारलं, "दादा, तू भाऊबीजेला आलास की वाघबीजेला?" ते वाक्य डोक्यातून जात नाही, असं ते लिहितात. "माझा छंद कुणी समजूनच घेत नाही. आता छंद कमी करू, की नातेवाइकांकडे जाणं?"

उत्तर:

तुमच्या बहिणीला आधी दाद देते. तबक हातात, वाट बघून बघून भूक मेलेली, पोरं झोपून गेलेली, आणि तरी तिला असा शब्द सुचला! वाघबीज पंचांगात नाही, पण वाघबारस आहे. तुमच्याच जिल्ह्यात इगतपुरीकडे आणि शेजारच्या अकोले तालुक्यात आदिवासी वाड्यांवर वसुबारसेच्या दिवशी वाघोबाला पुजतात आणि आमच्या गुराढोरांकडे फिरकू नकोस म्हणून त्याला विनवतात. वाघाने जरा लांब राहावं, एवढंच मागणं. बहिणीचं त्या रात्रीचं मागणं फार निराळं नसावं.

थट्टा पुरे. "माझा छंद कुणी समजून घेत नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. त्याच पत्राच्या चौथ्या पानावर, कंसात, एक ओळ आहे: "बहीण रात्री अडीचला उठून डबा करून देते, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, मी नको म्हणतो तरी." ही ओळ कंसात का घातलीत? सणाच्या आदल्या दिवशीचं सगळं आवरून, दोन-तीन तास डोळा लागला न लागला तोच उठून कणीक मळणारी बाई तुमचा छंद समजून घेत नाही, हे मला काही पटेना. सासूबाई चार वाजता चहाचं आधण ठेवतात, मावशी तुमचे चिखलाचे बूट धुऊन ओसरीवर वाळत घालतात, हेही तुम्हीच लिहिलंय. या सगळ्यांना तुमचा छंद व्यवस्थित कळलाय. तुम्ही आलात की आपण तुमचे कोण असतो, ते मात्र त्यांना कळेनासं झालंय. लॉजच्या मालकिणीला गिऱ्हाईक निदान पैसे देतं.

पत्र वाचता वाचता मी एका कागदावर दोन रकाने पाडले. एकात तुमचे नातेवाईक, दुसऱ्यात त्यांच्या गावचे पक्षी-प्राणी. नागपूरसमोर वाघ, बारामतीसमोर रोहित आणि पट्टकादंब, देवरुखसमोर धनेश. सगळं कसं जुळतंय. मग एक ओळ उरली: "लातूरला काका असतात, पण तिकडे जाणं होत नाही." का होत नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या कागदावर त्यांच्या समोरचा रकाना रिकामा आहे. (लातूरकरांनी रागावू नये. माळरानाचे पक्षी त्यांच्याकडेही आहेत, पण कॅमेरेवाल्यांच्या यादीत लातूर अजून आलेलं नाही.)

तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांपैकी एकही मी सुचवणार नाही. छंद कमी करू नका. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला पहाटे चारला उठवणारी गोष्ट सापडली, तर ती जपावी. त्या वयात बहुतेकांना फक्त पाठदुखी उठवते. आणि नातेवाइकांकडे जाणं आणखी कमी केलंत तर बाकीचेही लातूरच्या काकांच्या रांगेत जाऊन बसतील. तिढा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. तुम्ही नाव एकाचं घेता आणि दिवस दुसऱ्याला देता.

बहिणीला फोनवर काय सांगितलं होतंत? "भाऊबीजेला येतोय." ते ऐकून तिने अनारसे केले, पोरांना मामा येणार म्हणून सांगितलं, शेजारणीचं बोलावणं टाळलं. त्याऐवजी मे महिन्यात, "ताडोब्याला चाललोय, परतताना एक रात्र तुझ्याकडे टेकतो, पिठलं-भात चालेल" म्हणाला असतात तर तिने आनंदाने पिठलं केलं असतं आणि वाघबीज हा शब्द जन्मालाच आला नसता. एका दगडात दोन पक्षी मारण्याची सवय पक्षी टिपणाऱ्याने तरी ठेवू नये. रजा कमी आहेत, नागपूर लांब आहे, समृद्धी महामार्ग झाला तरी जाण्या-येण्यात दिवस मोडतातच, हे सगळं मान्य. जोडून कामं करायला माझी हरकत नाही. फक्त निघायच्या आधी स्वतःशी ठरवा की ही फेरी कुणाची आहे, आणि जे ठरेल तेच फोनवर सांगा. दुसऱ्याला उरलेला वेळ मिळेल, पण तो उरलेला आहे हे त्याला आधीपासून माहीत असेल.

आणि खरं सांगू का, दिवाळीत ताडोब्याला जाण्यात वाघाच्या दृष्टीनेही फारसा अर्थ नाही. पावसाळ्याचे तीन महिने बंद असलेला कोअर, म्हणजे जंगलाच्या गाभ्याचा भाग ऑक्टोबरात उघडतो, तेव्हा गवत माणसाला झाकेल एवढं वाढलेलं असतं, बांबू गच्च, नाले भरलेले. वाघाला पाण्यासाठी ठरलेल्या जागी यायचं कारणच पडत नाही. एप्रिल-मेमध्ये पानगळ झालेली असते, पाणवठे आटत जातात आणि त्याला उरलेल्या पाण्यावर यावंच लागतं. उन्हाने जीव जातो हे खरं, पण फोटो तेव्हाचेच. सहा वर्षं जंगलात फिरणाऱ्या माणसाला हे मी सांगायला नको. आंबे खायला डिसेंबरात रत्नागिरी गाठावी, तसं तुम्ही दिवाळीत वाघ बघायला जाता, कारण सुट्टी तेव्हा असते आणि राहायची सोय बहिणीकडे असते. यातलं खरं कारण कुठलं, ते तुम्हीच बघा.

शिवाय तुम्ही नाशिकचे. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य तुमच्या घरापासून तासा-सव्वा तासावर. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं ते पाणी २०२० साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, तेही राज्यातलं पहिलं म्हणून. परगावचे पक्षीवेडे रात्रभर प्रवास करून तिथे येतात आणि तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखही केलेला नाही. थंडीतल्या चार रविवारी पहाटे एकटे जा, चापडगावच्या मनोऱ्यावर बसा, जेवायला घरी या. पोट भरलेलं असलं की माणूस दुसऱ्याच्या घरी जरा सभ्य वागतो.

आता वेळेबद्दल. "प्रकाश कुणासाठी थांबत नाही" असं तुम्ही लिहिलंय. अगदी खरं. सूर्य वर आल्यावरचा पहिला तास-दीड तास आणि मावळायच्या आधीचा तेवढाच, बाकी दिवस फोटोच्या दृष्टीने वाया. भिगवणला तर दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा रोहित कितीही भारी लेन्स लावली तरी मऊच येतो. म्हणून तुमच्या पहाटेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि तुमचं पत्र नीट वाचलं तर तुमच्या माणसांचीही नाही. पहाटे घर झोपलेलंच असतं. पण दहा ते चार तुम्ही काय करता? तेही लिहिलंय तुम्ही: "दुपारी थोडी झोप आणि मग फोटो निवडतो." सगळी मेख इथे आहे. दुपारची जेवणं झाल्यावर, पानाचा डबा मध्ये ठेवून माणसं ज्या वेळी बोलायला बसतात, त्या वेळी तुम्ही आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून एकाच शेकाट्या पक्ष्याचे ऐंशी फोटो मागेपुढे करत असता. पहाट निसर्गाने मागितली, तुम्ही दिलीत. दुपार तर कुणीच मागितली नव्हती.

म्हणून तुम्ही पाहुणे असताना लॅपटॉप उघडायचाच असेल तर बैठकीच्या खोलीत उघडा. पेन ड्राइव्हवर पंधरा फोटो टाकून टीव्हीला लावा आणि सगळ्यांसोबत बघा. पंधराच. वाघाचे एकाच मुद्रेतले चाळीस फोटो पाहणं ही पाहुण्याने यजमानाला द्यायची शिक्षा आहे. भाचरांना विचारा यातला कुठला ठेवू, कुठला उडवू. त्यांची निवड तुमच्यापेक्षा बरी निघण्याची तयारी ठेवा. मावशींना दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून आला आणि बदकांचा अख्खा थवा कसा उठला ते सांगा. शटर स्पीड सांगू नका.

मुंजी-बारशांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे, हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. अख्ख्या कार्यक्रमाचे फोटो काढणं हे पूर्ण वेळचं काम आहे. त्याला फ्लॅश लागतो, जोडीदार लागतो, आणि ते करणाऱ्याच्या वाट्याला अक्षता येत नाहीत, जेवणही शेवटच्या पंगतीला येतं. नाही म्हणा. आठ दिवस आधी म्हणा, म्हणजे त्यांना फोटोग्राफर ठरवता येईल. कारण मात्र बदला. "मी निसर्ग छायाचित्रकार आहे" याचा ऐकणाऱ्याच्या कानात होणारा अर्थ असा, की तुमच्या नातवापेक्षा बगळा बरा. त्यापेक्षा "मला मुंजीला पाहुणा म्हणून यायचंय, पंगतीत वाढायचंय" म्हणा. ते खरंही करा.

पण कार्यक्रमाचे फोटो वेगळे आणि माणसांचे वेगळे. तुमची ती १५०-६०० घ्या. दोन किलोचं धूड. जवळात जवळ दोन-सव्वादोन ते पावणेतीन मीटरवरचं टिपते, मॉडेलप्रमाणे थोडंफार इकडे तिकडे. म्हणजे सात ते नऊ फूट. जेवणाच्या टेबलावर समोर बसलेलं माणूस तिला दिसतच नाही, फोकस पुढेमागे हिंदकळत राहतो. लेन्सचा तो स्वभाव आहे, ती लांबचं बघण्यासाठीच केलेली आहे. पण ती उतरवता येते, हे तुम्ही विसरलात की काय असं पत्र वाचताना वाटलं. कपाटात ५० मिमीची १.८ वाली लेन्स पडलेली असेल तर काढा. नसेल तर घ्या, कुठल्याही कंपनीच्या स्वस्तातल्या लेन्समध्ये ती गणली जाते. ती घेऊन देवरुखला सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात बसा. ढोलीसमोर तीन तास न हलता बसणाऱ्या माणसाला दारात दहा मिनिटं जड नाहीत. खिडकीतून सकाळचा उजेड आडवा येत असेल. तापलेल्या बिडाच्या तव्यावर घावनाचं पातळ पीठ पडतं, चर्र आवाज होतो आणि कडेपासून आत एकेक भोक पडत जाळी धरते. जाळी पूर्ण पडली की त्या झाकण ठेवतात. झाकण ठेवायच्या आधीचे ते चार-पाच सेकंद. त्यात त्यांचा हात, बांगड्या, वाफ. जमतंय का बघा. खंड्या पाण्यात सूर मारतो त्याला लागतं तेवढंच भान इथे लागतं, आणि खंड्या नंतर तुम्हाला गरम घावन देत नाही.

आता सासऱ्यांबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे, आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही.

ढोलीपाशी बसायला नको म्हणताना ते जे बोलले, ते तुम्ही "त्यांना फोटोग्राफीतलं काय कळणार" अशा सुरात उतरवून काढलंय. वाक्य असं आहे: "ती आत बाळंतीण आहे, बाहेर जत्रा नको." धनेशाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. महाधनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने, मातीने दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडायची सोय उरत नाही. तीन-चार महिने तिचं आणि पिल्लाचं पोट बाहेरच्या नरावर. तो वड, उंबर, पिंपळाची फळं गळ्यात भरून आणतो, फटीशी बसतो आणि एकेक फळ चोचीत आणून आत देतो. आता झाडाखाली तुम्ही आणि तुमचे तीन मित्र, चार ट्रायपॉड, मधूनच वाजणारा मोबाईल. नर येतो, पाहतो आणि समोरच्या झाडावर पानांआड बसून राहतो. तुम्ही म्हणता, आज उशीर केला त्याने. त्याने उशीर केलेला नसतो. तो तुम्ही जाण्याची वाट बघत असतो, आणि तेवढा वेळ आतली उपाशी असते. चार दिवस सकाळ-संध्याकाळ हे चाललं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. त्यात अशी मोठी पोकळ झाडं आता राहिलीत किती? एकच ढोली जोडपं वर्षानुवर्षं वापरतं. ती सोडली तर दुसरी कुठे शोधणार?

सासऱ्यांची माफी मागा. "माझं चुकलं" एवढं म्हटलं तरी पुरे. आणि मग त्यांना विचारा की आत्ता कुठलं उंबर पिकलंय. कोकणातल्या बागायतदाराला आपल्या दोन मैलांतलं कुठलं झाड कधी पिकतं ते तोंडपाठ असतं. फळाला आलेल्या झाडावर धनेश येतात, तेही मोकळेपणाने. ढोलीपासून दूर, आडोशाला बसून काढलेला तिथला फोटो ढोलीवरच्यापेक्षा उजवा ठरतो, कारण त्यात पक्षी काहीतरी करत असतो: फळ हवेत उडवतो, झेलतो, फांदीवर चोच घासतो. सासऱ्यांना सोबत यायला सांगा. ते त्याला गरुड म्हणत असतील तर लगेच सुधारू नका. तिकडे तेच नाव चालतं.

बाकीच्या कॅमेरेवाल्या वाचकांनीही हे ऐकून ठेवावं. पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या बिळासमोर रांगा लावणं, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर आणणं, आंबोलीत रात्री बेडूक उचलून "चांगल्या" पानावर ठेवणं, घरट्याचा फोटो जागेच्या पत्त्यासह टाकणं, हे सगळं एकाच माळेतलं आहे. फोटो येतो, पण ज्याचा येतो त्याला महागात पडतो.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट अजून राहिलीच. दोन हार्ड डिस्कवर मिळून ६२,००० फोटो आहेत, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. आणि पुढे, बहिणीने दोनदा मागितलेले भाचीच्या वाढदिवसाचे फोटो दोन वर्षं झाली तरी पाठवायचे आहेत, "कारण अजून एडिट व्हायचेत."

आमच्याकडे अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा फोटो. वडील तो रोल पुरवून पुरवून वापरत. गणपतीत दोन, सुट्टीत आत्याकडे गेलो की तीन, असं करत वर्ष-सहा महिन्यांनी तो संपायचा आणि धुवायला जायचा. फोटो काही फार चांगले नसत. फ्लॅश नाही, म्हणून आम्हाला भर उन्हात सूर्याकडे तोंड करून उभं करत. परिणामी आमच्या घराण्यातल्या सगळ्यांच्या कपाळाला त्या काळात आठ्या आहेत. पण रोल धुऊन आला की वडील रात्री टेबलाशी बसत, ज्या घरी तो फोटो काढला त्या घरासाठी एकेक प्रत वेगळी काढत, मागे पेन्सिलीने तारीख आणि नावं लिहीत आणि दुसऱ्या दिवशी पाकीट टपालात पडत असे. वाईच्या आत्याच्या शोकेसमध्ये तसले चार फोटो अजून आहेत, एकाच्या मागे "चि. बंडू रडत असल्याने हलला आहे" असं लिहिलेलं. हललेला फोटोही त्यांनी पाठवला होता.

तुम्ही काय करा, कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे एडिट करायच्या कच्च्या फाइलीसोबत, लगेच पाठवता येणारी जेपीईजीही साठवण्याची सोय असते, ती चालू करा. ज्यांच्या घरी राहिलात त्यांना त्यांच्या घरचे दहा फोटो आठ दिवसांत गेलेच पाहिजेत. एडिट न करता गेले तरी चालतील, उजेड कमी-जास्त असला तरी चालेल. रॉ फाइलींशी तुम्ही वर्षभर खेळत बसा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दबतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. त्यातल्या दोन-तीनच्या चार बाय सहाच्या प्रती काढून घ्या, चहा-वड्याच्या पैशांत होतात, आणि पुढच्या वेळी मिठाईच्या खोक्यासोबत द्या. मागे तारीख घाला. आणि त्या दोन्ही हार्ड डिस्क एकाच कपाटात ठेवल्यात ना? घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तर दोन्ही एकदम जातील. सगळ्याची आणखी एक प्रत करून दुसऱ्या गावी ठेवावी असा जाणत्यांचा सल्ला असतो. नागपूरला ठेवा, बहिणीच्या कपाटात. तिला वाटेल दादाने काहीतरी सांभाळायला दिलं.

पत्नी गाडीतून का उतरत नाहीत, हे तुम्हीच एका शब्दात लिहिलंय: "दोन मिनिटं." घाटात ब्रेक मारून तुम्ही "दोन मिनिटं" म्हणता आणि पाऊण तासाने गवताची कुसळं लागलेले परत येता. आमचे यजमान झाडंवेडे. एकदा फणसाडच्या रस्त्याला त्यांनी असंच "आलोच" म्हणून गाडी थांबवली आणि मी आख्खा डबा एकटीने संपवला, त्यांच्या वाटणीची आंबावडी धरून. तेव्हापासून ते खरी वेळ सांगतात. तुम्हीही "चाळीस मिनिटं लागतील" म्हणा. पत्नी टपरीवर चहा घेतील, पुस्तक काढतील, किंवा कदाचित उतरतीलही. खोट्या दोन मिनिटांत काहीच करता येत नाही, फक्त चिडता येतं. मुलाचं फार मनावर घेऊ नका. दहावीतल्या मुलाला आई-वडिलांबरोबर कुठेच जायचं नसतं, त्यात कॅमेऱ्याचा दोष कमी. फक्त न विचारता त्याचे फोटो काढणं थांबवा.

बहिणीकडे परत येते, कारण पत्र तिच्यामुळेच लिहिलंत. तुम्ही चार मित्र मिळून जिप्सी घेता असं लिहिलंय. ताडोब्याच्या जिप्सीत पर्यटकांच्या जागा सहा. उरलेल्या दोन जागांवर काय असतं, तेही तुम्ही सांगून टाकलंय: कॅमेऱ्याच्या बॅगा. लग्न होऊन नागपूरला गेलेल्या, तुमच्यासाठी सहा वर्षं मध्यरात्री पुऱ्या तळणाऱ्या बहिणीने वाघ पाहिलाय का? पत्रात कुठे उल्लेख नाही. मला वाटतं तुम्हालाही माहीत नसावं.

उन्हाळा तोंडावर आहे. तिला फोन करून विचारा, येतेस का. कोलारा गेट, सकाळची फेरी, बॅगा पायाशी. नाही म्हणाली तर आग्रह करू नका, तिला खरंच जंगलाचं वेड नसेल. हो म्हणाली तर तिला खिडकी नसलेल्या त्या गाडीत कडेची जागा द्या, दुर्बीण तिच्या गळ्यात घाला, आणि वाघ समोर आला तर पहिला मिनिटभर कॅमेरा मांडीवर राहू द्या, तिचा चेहरा बघा. निघायचं रात्री अडीच-तीनलाच असेल. डबा मात्र या खेपेला तुम्ही करा. तिखटमिठाच्या पुऱ्या जमणार नसतील तर आदल्या रात्री ब्रेडला चटणी लावून ठेवा. चटणी नाशिकहून न्या, तिच्या फ्रीजमधली नको.